कडेच्या वाट्या

तिने ताट यंत्रातून बाहेर काढलं, उजेडाकडे धरून पाहिलं, परत आत सरकवलं आणि मोजणीचं बटण पुन्हा दाबलं. यंत्र घरघरलं. पडद्यावर आकड्यांचा चौकोन एकेक ओळ करत भरत गेला आणि मघाशी होता तस्साच येऊन उभा राहिला. मधे चांगले भरघोस आकडे, आणि चारी बाजूंनी पडलेल्या आकड्यांची चौकट.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

पलीकडच्या टेबलावरून तिचा सहकारी उठून आला. प्रयोगशाळेत त्याला सगळे शंकासुर म्हणत, कारण चहा गोड लागला तरी साखर घातल्याचा पुरावा मागणाऱ्यातला तो. त्याने पडद्यावर नजर टाकली.

"यंत्राला काय धाड भरलीये? नेहमीचंच तर आहे. कडेला औषध, म्हणून कडेला कमी."

"कडेला औषध नाहीये."

"मग कुठे आहे?"

"कुठेच नाही. औषध संपलंय. नव्या पेशी आल्यात, त्या धड आहेत की नाही ते बघायला मी सगळ्या वाट्यांत नुसतं साधं द्रावण घातलंय. सगळ्या म्हणजे सगळ्या."

शंकासुराला त्या दिवशी पहिल्यांदाच एकही शंका सुचली नाही. तो खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.

ताट म्हणजे जेवणाचं नव्हे. तळहाताएवढं प्लास्टिकचं ताट, त्यात शेंगदाणा मावेल एवढाल्या वाट्या, आणि प्रत्येक वाटीच्या तळाशी हृदयाच्या स्नायूच्या पेशी. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर त्या आपल्या आपण धडधडताना दिसतात, कोणी सांगितलेलं नसताना. हृदयाचा स्नायू म्हणजे चोवीस तास चालू असलेला कारखाना. त्याची जुनी प्रथिनं झिजतात, नवी बनवावी लागतात, ही डागडुजी जन्मभर थांबत नाही. ज्यांचा ठोका मधेच उधळतो त्यांना एक गोळी देतात, ती ठोका ताळ्यावर आणते. पण ठोका सांभाळता सांभाळता ती गोळी या डागडुजीच्या कामात खोडा घालते का, एवढंच तिला शोधायचं होतं. पेशींना खूण केलेला कच्चा माल खायला घालायचा आणि त्यातला किती नव्या प्रथिनांत गेला, ते यंत्राकडून मोजून घ्यायचं. औषधाच्या वाट्यांत दर वेळी एकतृतीयांश कमी भरायचं. दर वेळी! इतका एकसारखा आकडा यावा म्हणून लोक नवस करतात.

आणि औषध नेहमी कडेच्या वाट्यांत. प्रयोगशाळेच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनीच ही शिस्त घालून दिली होती. आधी मधल्या वाट्या साध्या भरायच्या, मग औषध घेऊन फक्त कडेकडेने फिरायचं, म्हणजे औषधाचा हात साध्या वाट्यांवरून जायलाच नको, थेंब सांडायला नको. शिस्त इतकी शहाणी होती की तिच्याकडे कोणी वाकडं बघितलं नाही. शंकासुराने एकदा विचारलं होतं, दर वेळी कडेलाच का? तेव्हा ती हसली होती. हा माणूस सूर्य उगवला तरी तारीख तपासतो, असं काहीतरी ती म्हणाली होती आणि सगळे खिदळले होते.

"कडा वाळतात," शंकासुर आता हळूच म्हणाला. "डबक्याची कड आधी सुकते बघ. उबेच्या कपाटात ताट दिवसचे दिवस बसतं. कडेच्या वाट्यांतलं पाणी उडतं, उरतं ते खारट होतं. पेशी बिचाऱ्या काम कमी करणार, नाहीतर काय."

"म्हणजे गोळीने काहीच केलं नाही?"

"केलं असेल, नसेलही. आपल्याला माहीतच नाही. आपण इतके महिने गोळी मोजतच नव्हतो, कडा मोजत होतो."

तिने हातमोजा काढायला घेतला. तो निघेना. घामाने बोटांना चिकटून बसला होता.

"शोधनिबंध अजून छापायला गेला नाही, हे नशीब समज," शंकासुर म्हणाला. "बाईंना मी सांगू का तू सांगतेस? चिडतील, पण खाणार तर नाहीत. कुणाचं काही बिघडलं नाही अजून."

"माझे बाबा," ती म्हणाली.

"त्यांचं काय?"

"त्यांची गोळी मी बंद केलीये."

शंकासुर तिच्याकडे बघतच राहिला. तोवर तिने पर्स उचलली होती, आणि अंगातला पांढरा कोट तसाच ठेवून ती जिन्याकडे धावत सुटली होती.

टॅक्सीत बसल्यावर तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला. बाबा एकटे राहत. आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मुलीकडे येऊन राहायचं नाव काढलं की ते म्हणत, "मला काय धाड भरलीये?" बाबांचीच बोली ती, तिच्या प्रयोगशाळेत तिच्यामार्फत पसरलेली. सगळा जन्म त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता, आणि आपल्या हृदयाबद्दलही ते लिफ्टसारखंच बोलत. "मधेच दोन मजल्यांच्या मधे अडकतं गं," ते सांगत. "मग एकदम सुटतं आणि धाडधाड वर जातं." गोळी सुरू झाल्यापासून ते अडकणं थांबलं होतं.

ज्या दिवशी आकडा पक्का झाला त्याच संध्याकाळी ती त्यांच्याकडे गेली होती. कोणी परीक्षेत पहिलं यावं तसा तिचा चेहरा फुललेला. गोळ्यांची पाकिटं तिने टेबलावरून उचलली, स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर, पार भिंतीपर्यंत ढकलून दिली आणि म्हणाली, "बाबा, हे विष आता बंद. तुमचं हृदय आतून वाळतंय याने. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टरांशी मी बोलते. त्यांना अजून माहीतच नाही, कसं असणार? जगात कुणालाच माहीत नाही."

"मग बंद," बाबा म्हणाले होते. "तू म्हणतेस म्हटल्यावर विषयच संपला."

डॉक्टरांशी ती बोलली नाही. आज बोलू, उद्या बोलू करता करता राहून गेलं, असं ती स्वतःला सांगत आली होती. पण टॅक्सी सिग्नलला उभी असताना, पुढच्या ट्रकच्या मागच्या धुळीकडे बघत, तिला खरं काय ते लख्ख कळलं. छापून आलेला निबंध डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा होता तिला. नुसतं तोंडी सांगून तो क्षण वाया घालवायचा नव्हता. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

आणि बाबा तरी कसे! रोज फोनवर विचारलं की म्हणायचे, "टकाटक! विशीत असल्यासारखं वाटतंय. जिना चढतो तर पाय जमिनीला लागत नाहीत." ते ऐकून ती सुखावायची. मनातल्या मनात तिने तोही एक पुरावा म्हणून जमा करून टाकला होता.

"जरा जोरात घ्या ना हो," ती टॅक्सीवाल्याला म्हणाली.

"बाई, पुढच्या गाडीच्या डोक्यावरून नेऊ का?" तो म्हणाला. मग आरशात तिचा चेहरा दिसला तसा गप्प झाला आणि त्याने खरंच जोरात घेतली.

जिना ती दोन-दोन पायऱ्या करत चढली. दारावर थाप मारली. आतून काही आवाज नाही. पुन्हा मारली, मग दोन्ही हातांनी मारली. शेजारचं दार किलकिलं झालं. आता कडी तोडायला कोणाला बोलवायचं, हा विचार डोक्यात येतो न येतो तोच मागून आवाज आला.

"अगं, दार पाडतेस की काय? मी इकडे आहे."

बाबा जिना चढत येत होते, एका हातात पावाची पिशवी. केस ताजे कापलेले, मानेवर पावडर, अंगाला सलूनचा वास. ती वरच्या पायरीवर मटकन बसली.

"फोन का नाही उचलत?"

"फोन घरात आहे. केस कापायला कोणी फोन घेऊन जातं का? आणि हा डगला घालून कशी आलीस तू? कामावरून पळालीस?"

त्यांनी तिला घरात नेलं, पाणी दिलं. ती एका दमात सगळं बोलून गेली. ताट, कडा, वाळलेल्या वाट्या, चुकलेला आकडा. गोळी वाईट आहे हे तिला माहीतच नाही, कधी माहीत नव्हतंच, आणि आत्ताच्या आत्ता उठा, डॉक्टरांकडे चला, बाबा, मला माफ करा.

बाबा ऐकत होते. त्यांचा चेहरा आधी गोंधळला, मग हळूहळू ओशाळला. कोणी चोरी पकडावी तसे ते खाली बघू लागले.

"चिमे," ते म्हणाले, "रागावणार नसशील तर एक सांगतो."

ती बघत राहिली. आणि त्यांनी सांगायच्या आधीच तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. वरच्या फळीच्या बरोबर खाली स्टूल होतं.

"मी बंद केलीच नाही गं. एक दिवस नाही घेतली, आणि रात्रभर छातीवर हात ठेवून बसून राहिलो. आता अडकतंय, मग अडकतंय! भीती वाटली. सकाळी स्टूल लावलं आणि काढली."

"आणि ते टकाटक? ते विशीत असल्यासारखं?"

"तुझं तोंड किती फुललं होतं त्या दिवशी. मला म्हातारपणी दुसरं काय देता येणार होतं तुला?"

ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि त्यांच्या पावडर लागलेल्या मानेवर डोकं ठेवून, लहानपणी जिन्यावरून पडल्यावर रडायची तशी भोकाड पसरून रडली. बाबा तिच्या पाठीवर थोपटत होते. म्हातारा खोटारडा, ती म्हणत होती, लबाड कुठचा. आयुष्यात कोणाच्या खोटेपणाचा तिला इतका आनंद झाला नव्हता.

"बरं झालं बाई," बाबा म्हणाले. त्यांनाही हलकं वाटत होतं, म्हणून ते बोलत सुटले. "मला आपलं चोरासारखं वाटायचं. बाहेर छाती फुगवून तुझं कौतुक करायचं आणि घरी येऊन स्टूलावर चढायचं. आत्ताही खुर्चीत बसल्या बसल्या तुझंच चाललं होतं."

"कुठल्या खुर्चीत?"

"सलूनमध्ये. सलूनवाल्याचीही हीच गोळी ना. तो तर तुझं नाव निघालं की हात जोडतो."

ती मागे सरली. "का हात जोडतात?"

"अगं, त्याने बंद केली ना."

"कधी?"

"तेव्हाच. तू सांगितलंस त्याच आठवड्यात."

"आणि तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत? की तुम्ही स्वतः घेताय म्हणून?"

बाबांचा हात पाठीवरून खाली आला. "कसं सांगणार? लेकीची शोभा झाली असती..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आतच आपण काय बोललो ते त्यांना ऐकू आलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. दोघंही एकदमच उठले.

सलून कोपऱ्यावरच होतं. दोन खुर्च्या, एक बाक, एक लांबलचक आरसा. सलूनवाले काका एका गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा फिरवत होते. उभे होते, बोलत होते, हात स्थिर होता. तिने दारातच श्वास सोडला.

"या या, ताई!" ते आरशातूनच म्हणाले. "आज आमच्याकडे पायधूळ? बघा, हीच ती," त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं.

"काका, माझा प्रयोग चुकला," ती म्हणाली. गिऱ्हाइकासमोरच म्हणाली, घडाघडा म्हणाली, नाहीतर ती म्हणूच शकली नसती. "गोळी वाईट आहे असं मी म्हटलं ते खोटं निघालं. मला काही कळलेलंच नव्हतं. तुम्ही आत्ता तुमच्या डॉक्टरांना फोन करा, इतके दिवस गोळी बंद होती म्हणून सांगा, आणि ते म्हणतील तशी सुरू करा. आत्ता. हे काम नंतर."

वस्तरा थांबला. काकांनी तो पुसला, मिटला, काउंटरवर ठेवला. मग बाबांकडे बघितलं. बाबा चपलांकडे बघत होते.

"मधेमधे फडफडतं," काका म्हणाले. "पाखरू शिरल्यासारखं. मी म्हटलं, नवा स्नायू येतोय, म्हणून होत असेल." ते हसायला गेले, पण जमलं नाही.

त्यांनी फोन लावला. डॉक्टर भेटले. "हो, हो" एवढंच काका बोलत होते, आणि ती त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. रात्री दाखवायला बोलावलं होतं. फोन ठेवून ते मोकळ्या खुर्चीत बसले. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचा फेस गालावर घेऊन तसंच बसलं होतं, आणि त्याने तक्रार केली नाही.

"सुटलो म्हणायचं," बाबा म्हणाले.

काका आरशात स्वतःकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "ताई, आणि बाकीच्यांचं?"

"बाकीचे कोण?"

"अहो, इथे खुर्चीत बसलं की माणूस आधी आपलं दुखणं काढतो. केस राहतात बाजूला. कोणी म्हणालं, मला ठोक्याची गोळी आहे, की मी सांगायचो, टाकून द्या, आमच्या इथल्या ताईंनी शोध लावलाय." त्यांनी ओठांवरून हात फिरवला. "चांगलं सांगतोय असंच वाटत होतं हो."

आकडा आता ताटाच्या बाहेर सांडला होता, आणि तो मोजायला कुठलंच यंत्र नव्हतं.

"आठवा," ती म्हणाली. "एकेक आठवा."

काका डोळे मिटून आठवू लागले. नावं त्यांना येतच नव्हती, चेहरेही नाही, डोकी येत होती. डावीकडे भांग पाडणारे मास्तर, त्यांचा नंबर आहे. बाबा लगेच काकांचा फोन घेऊन बाहेर गेले. मागे टक्कल पडलेला बेकरीवाला, तो समोरच. तिने रस्ता ओलांडला आणि पिठाच्या हातांनी ऐकत उभ्या राहिलेल्या त्या माणसाला सगळं पुन्हा सांगितलं. त्याने गोळी बंद केली नव्हती. "सलूनमध्ये ऐकलेलं मी मनावर घेत नाही," तो म्हणाला, आणि तिला त्याचे पाय धरावेसे वाटले. मास्तरांनी बंद केली होती, पण ते फोनवर बोलले, खडखडीत बोलले, रागावलेसुद्धा. त्यांचा राग ऐकून बाबांना बरं वाटलं, कारण रागावणारा माणूस जिवंत असतो.

ती परत आली तेव्हा गिऱ्हाईक गेलं होतं आणि काका फडक्याने मोकळी खुर्ची पुसत होते. पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

"झाले सगळे?"

"एक राहिला," ते म्हणाले.

"कोण?"

"म्हातारे आहेत एक. फार बोलत नाहीत. दोन भोवरे आहेत डोक्यावर, त्यामुळे मागचे केस बसता बसत नाहीत. मी चेष्टा करायचो, दोन भोवरे म्हणजे दोन लग्नं. तर म्हणाले, एकही झालं नाही, घरी मी आणि रेडिओ." काकांनी फडकं घडी केलं. "त्यांनी खिशातलं पाकीट काढून दाखवलं, हीच का म्हणाले. मी म्हटलं, हीच. तर त्यांनी ते तिथेच टाकलं. त्यात." त्यांनी कापलेल्या केसांच्या डब्याकडे बोट केलं.

"नाव काय त्यांचं?"

"नाव कोण विचारतं हो."

"राहतात कुठे?"

"इथेच कुठेतरी. चालत यायचे."

"पुढच्या वेळी कधी येतील?"

काकांनी आरशाखालचा कंगवा उचलला, परत ठेवला. "यायला हवे होते एव्हाना," ते म्हणाले. "केस वाढू द्यायचे नाहीत ते कधी."

रस्त्यावरून माणसं जात होती. ती बाकावर बसली. बाबा आत आले, तिच्या शेजारी बसले, पावाची पिशवी त्यांनी मांडीवर घेतली. मोठ्या बाई फोन करत होत्या, शंकासुर फोन करत होता, तिने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. काचेतून दिसणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याकडे ती बघत होती. टोपी घातलेला कोणी गेला की उठून दारापर्यंत जायची आणि परत येऊन बसायची.

दिवे लागायच्या सुमाराला दार ढकलून एक म्हातारा आत आला. अंगाने किरकोळ, मानेवर केस आलेले. बाबा उभे राहिले, तीही राहिली. इतक्या लोकांना आपल्याकडे बघताना पाहून तो दारातच थबकला.

"दाढी होईल ना?" त्याने विचारलं.

"बसा," काका म्हणाले. त्यांनी त्याला खुर्चीत बसवलं, खांद्यावर कापड टाकलं, आणि दाढीच करायची असताना हलक्या हाताने त्याचं डोकं पुढे वाकवलं. दिव्याखाली ते केस बाजूला सारत बराच वेळ बघत राहिले.

"भोवरा एकच आहे, ताई," ते म्हणाले.

ती पुन्हा बाकावर बसली.